माळकऱ्याच्या हौदातले मासे

१३ जुलै, रविवार

आज सकाळी माझा रक्तदाब वाढला तो कृपामुळे. संध्याकाळी उतरला तो गोळीमुळे की या वहीमुळे, ते पुढं कळेलच. वही संस्कृतीने दिली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आईबापाला सल्ले द्यायला मोकळीच असते. म्हणाली, "अण्णा, राग आला की आईवर काढू नका, इथं काढा." तर काढतो.

कृपा म्हणजे आमच्या शेजारच्या गिदोन मास्तरांची सून आणि आमच्या आळीची आशाताई. बॅटरी घेऊन माझ्या हौदात डोकावली आणि म्हणाली, "काका, अळ्या झाल्यात. हौद रिकामा करून आतनं घासायचा आन एक दिवस कोरडा ठेवायचा. दर आठवड्याला."

"पाणी ओतून द्यायचं?"

"व्हय."

"नगर जिल्ह्यात?"

ती हसली नाही. मीही हसायला विचारलं नव्हतं. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही त्या दिवशी लाइट असली तर. पाऊस आमच्यावर सावली धरतो आणि दुसऱ्याच्या शिवारात जाऊन पडतो. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा ड्युटीवरून येऊन मी विहिरीचं पाणी खांद्यावर वाहिलंय. निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते हा हौद बांधायचं. पाणी असं नितळ की तळाची फरशी दिसते. पलीकडं गटार तुंबलंय ते कुणाला दिसत नाही, आणि डास म्हणे माझ्या हौदात!

"डास घाणीत व्हतात, पोरी," मी म्हटलं.

"हा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, काका. आन दिवसा चावतो. ताई पोटुशी हाय, जरा ऐका."

माझ्या लेकीची काळजी मला शिकवायला निघाली. मी फाटक लावून घेतलं.

१९ जुलै, शनिवार

आज हद्द झाली. कृपा प्लॅस्टिकची बरणी घेऊन आली. बरणीत मासे. बोटाच्या पेरापेक्षा लहान, राखाडी. गप्पी मासे म्हणे. हौदात सोडले की अळ्या खाऊन टाकतात, पाणी ओतायची गरज नाही.

मी गळ्यातली माळ बाहेर काढून तिला दाखवली. "ही काय हाय?"

"तुळशीची माळ, काका."

"मग माळकऱ्याच्या हौदात मासं? याच पाण्यानं माझा पांडुरंग अंघोळ करतो. उद्या म्हणशील, किडे खाती म्हणून देवघरात कोंबडी बी बसवा."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मास्तरांचं डोकं वर आलं. मास्तर माझ्याच वयाचे. आम्ही भांडायला लागलो तेव्हा दोघांचेही केस काळे होते. "मच्छिंद्रराव, खायला न्हाई सांगत कुणी, पाळायला सांगतोय. तुमच्या देवाचा पहिला अवतार कोणता?"

मला उत्तर येत होतं. दिलं नाही. ख्रिस्ती मास्तराने मला दशावतार शिकवावेत, एवढी वेळ अजून आलेली नाही.

संस्कृती हे सगळं हौदाच्या कट्ट्यावर बसून ऐकत होती. तिचे पाय सुजतात, दुपारी तिथं गार वाटतं म्हणते. सारखी घोटे खाजवत होती. अंगात उष्णता असणार. बायकोला, रतनला, सब्जा भिजवायला सांगितला.

२१ जुलै, सोमवार

उपाय सापडला. तुळस! जी माळेत चालते ती पाण्यात का चालू नये? वृंदावनातली आणि परसातली मिळून टोपलीभर पानं हौदात टाकली आणि वरून माझं जुनं धोतर ताणून बांधलं. रतन म्हणाली, "आता ते धोतर सारखं उचलू नका. पाणी मीच काढत जाईन, तुमची कंबर धरती."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कंबरेची आठवण तिला पहिल्यांदाच झाली. बरं वाटलं.

२४ जुलै, गुरुवार

जिंकलो! रतनने तांब्याभर पाणी काढून उजेडात धरलं. एक वळवळ नाही! सगळ्या अळ्या साफ. मी भिंतीवरून मास्तरांना ओरडून सांगितलं, "बघा, तुळशीनं काम केलं!" मास्तर म्हणाले, "प्रभू थोर आहे," आणि घाईघाईने घरात गेले. आतून खोकल्याचा आवाज आला. हसण्यासारखा वाटला. ख्रिस्ती माणसाला तुळशीचं महत्त्व पटणं अवघड, मी समजू शकतो.

रतन दुपारी हौदापाशी भाकरीचा चुरा टाकत होती. म्हणाली, मुंग्यांना. आजवर ती मुंग्यांना हळद घालत आली, भाकरी कधी घातली नाही. लेक घरी आली की बाईचं मन हळवं होत असेल.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. देवळात भजन झाल्यावर मी उभा राहिलो आणि तुळशीचा उपाय सगळ्यांना सांगितला. बिभीषण आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी जाहीरच करून टाकलं, "माळकऱ्यांच्या घरात मासं सोडायला कुणी आलं तर बाहेरनंच हात जोडा. कंडक्टरचा उपाय करा." टाळ्या पडल्या. अर्ध्या आळीने आजच हौदात तुळस टाकली.

कृपा रस्त्यात भेटली. डोकं हलवून पुढं गेली. हरलेल्या माणसाला चिडवू नये म्हणून मीही हाक मारली नाही.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

बिभीषणांच्या अंगणात झोका बांधलाय. संस्कृतीला पोटामुळे झोक्यावर बसता येत नाही, म्हणून त्यांच्या हौदाला टेकून गाणी म्हणत बसली होती. बिभीषणांची आई रंगुबाई नव्वदीला टेकलेली, पण आवाज खणखणीत. तिने संस्कृतीच्या हातावर मेंदी काढली. त्यांचा हौद तुळशीने हिरवागार झालाय. मी मान ताठ करून घरी आलो. लेक डास चावतात म्हणून लवकर परतली.

२ ऑगस्ट, शनिवार

रागात लिहितोय, अक्षर वाईट येईल.

रतन बाजाराला सोनईला गेली होती. हौदातली तुळस कुजून वास यायला लागलेला, म्हणून मी धोतर सोडलं. पानं बाजूला केली तर खाली मासे. एक-दोन नाही, लेंढार. पिल्लंसुद्धा.

म्हणजे अळ्या तुळशीने गेल्याच नव्हत्या.

मी मास्तरांच्या दारात जाऊन आळी गोळा होईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "माझ्या हौदात मासं तुमी टाकलं का?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. रतन नुकतीच पिशवी घेऊन येऊन उभी राहिली होती. मास्तर म्हणाले, "व्हय. मीच टाकले." कबूल केलं बेशरम माणसाने! गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये खुर्ची मागणारा हा माणूस भिंत चढून आला कसा, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

मी माळकरी, जीव मारणार नाही. रोवळीने एकेक मासा काढला, बादलीत घालून मास्तरांच्या दगडी डोणीत परत सोडला. हौद रिकामा केला, पांडुरंगाची क्षमा मागितली. रतन जेवली नाही. म्हणाली, भूक नाही.

तुळशीचं खरं काय ते देवळात सांगावं का? सांगितलं तर बिभीषण म्हणतील, दहा दिवस माशाच्या पाण्याने देवपूजा केलीत. न सांगावं तर बाकीच्यांच्या हौदात अळ्या असतील. असतील का? मला काय माहीत. मी काही आरोग्य खात्यात नोकरीला नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

संस्कृतीला पहाटेपासून ताप. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणते, अंग मोडून निघालंय. दुकानातून अंगदुखीची गोळी आणली. कृपा नेमकी दारात आली आणि माझ्या हातातून पाकीट ओढून घेतलं. "ही न्हाई चालत, काका! रक्तस्राव व्हईल. साधी पॅरासिटामॉल तेवढी द्या, पाणी पाजा आन आजच रक्त तपासा." माझ्यावर इतक्या मोठ्याने या गावात कुणी ओरडलेलं नाही. मी टेम्पो बोलावला.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नगर

डेंग्यू. प्लेटलेट उतरतायत. सरकारने जिल्ह्याचं नाव बदललं, पण मी नगरच म्हणणार, आणि आज नावाशी भांडायला अंगात ताकद नाही.

डॉक्टर म्हणाल्या, आईला आणि बाळाला दोघांनाही धोका आहे, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. संस्कृतीने माझा हात पोटावर ठेवला. "अण्णा, सकाळपासून फार कमी हलतंय." मी हात तसाच ठेवून बसलो. काही हललं नाही. मला एवढी भीती आयुष्यात वाटलेली नाही. घाटात ब्रेक गेलेल्या गाडीत मी उभा होतो, तेव्हाही नाही.

कृपा आमच्याबरोबर आलीय. तिला विचारलं, "माझा हौद तर मी रिकामा केलाय. मग हे कुठनं?"

"हा ताप आठवड्यापूर्वीच्या चाव्याचा, काका. तवा तुमच्या हौदात मासं हुतं. तुमचा हौद चांगला हुता."

पुढचं मीच जुळवलं. नागपंचमी. बिभीषणांचा हौद. त्यात तुळस घालायला मी सांगितलं होतं. माझ्या तोंडानं, देवळात, उभं राहून.

९ ऑगस्ट, शनिवार

प्लेटलेट आणखी उतरल्या. रतन पलंगापाशी बसून हरिपाठ म्हणतेय. मीही.

११ ऑगस्ट, सोमवार

चढायला लागल्या. ताप नाही. बाळाच्या ठोक्यांचा आवाज मशीनवर ऐकला. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, रडताय का?" मी म्हटलं, "व्हय. तुमाला काय अडचण हाय का?"

१३ ऑगस्ट, बुधवार

उद्या सोडणार. सुप्याहून जावई आले होते. तिथल्या कारखान्यात आहेत, शांत माणूस. अगदी नरमाईने म्हणाले, "अण्णा, डॉक्टर सांगत्यात, पुन्हा झाला तर लई अवघड. बाळंतपण आमी सुप्यालाच करतो. तुमच्या आळीत मी हिला पाठवनार न्हाई."

पहिलं बाळंतपण माहेरी न होता लेक सासरी परत जाणार, ती माहेरच्या डासांमुळे. ते खरं बोलत होते. म्हटलं, "देवळातला सप्ताह उठून दोन-तीन दिवस होईपर्यंत तिला नगरला मामाकडं राहू द्या. तोवर आळीतला एकेक हौद साफ करतो. न्हाई केला तर खुशाल न्या."

संध्याकाळच्या गाडीने गावी आलो आणि मास्तरांच्या डोणीतून मासे मागायला गेलो. त्यांनी 'मी सांगितलं होतं' म्हणावं म्हणून मी तयारीने गेलो होतो, उत्तरसुद्धा जुळवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "लेक कशी आहे?" आणि बादली भरून दिली. जुळवलेलं उत्तर वाया गेलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सप्ताहाचा मांडव गच्च भरलेला. कीर्तन संपल्यावर मी पुन्हा उभा राहिलो. सांगितलं की तुळशीने एकही अळी मेली नव्हती, माशांनी खाल्ली होती. माझं चुकलं. माझ्या हौदात मी आज स्वतःच्या हाताने मासे सोडलेत. ज्याला नको असतील त्याने हौद आठवड्याला घासून कोरडा करावा आणि नीट झाकावा. पण दोन्हीतलं एक करावंच.

बिभीषण म्हणाले, "मासं पाळायचं आसंल तर आधी माळ उतरवा, कंडक्टर."

मी म्हटलं, "मासा खाऊ नको, असं माळ सांगती. मासा जगवू नको, असं कुठं सांगती? देवाचा पहिला अवतार कोणता?" (हे मास्तरांचं वाक्य. त्यांना कळवायची गरज नाही.)

"अवतार ध्येनात ठेवायचा आसतो, हौदात न्हाई!"

लोक हसले. माझ्या हातातले टाळ काढून घेतले गेले. घ्या म्हटलं. माळ मात्र गळ्यातच आहे, आणि ती उतरवायला दोन माणसं लागतील.

१६ ऑगस्ट, शनिवार, गोपाळकाला

काल्याच्या दिवशी गावाचा रिवाज असा: आमटी मांडवातल्या कढईत, आणि भाकरी घरोघरून. प्रत्येक घर टोपली भरून आणतं, सगळ्यांच्या भाकरी एका ढिगात पडतात, मग कुणाची कुठली ते देवालाही सांगता येत नाही. रतनने पहाटेपासून थापल्या. मी टोपली डोक्यावर घेऊन गेलो.

बिभीषण ढिगापुढं आडवे झाले. "तुमची टोपली परत न्या. माशाच्या पाण्यात मळलेली भाकर प्रसादाला चालनार न्हाई."

सगळा गाव बघत होता. जन्मापासून या मांडवात माझ्या घरची भाकरी पडत आलीय. डोळ्यांत पाणी आलं ते लपवलं नाही. मग ठरवलं, जायचं नाही. पंगतीत मधोमध मांडी घातली आणि टोपली मांडीवर घेतली. जागा धरून बसायची मला सवय आहे. तीस वर्षं लोकांना उठवायचं काम केलंय, मला कोण उठवतो बघू. वाढपी आमटी घेऊन आला, माझ्या पत्रावळीला वळसा घालून पुढं गेला. मी माझी भाकरी कोरडीच खायला लागलो. 

तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून काठीचा आवाज आला. रंगुबाई. ती पुरुषांच्या पंगतीत शिरली, माझ्या शेजारी हळूहळू खाली बसली आणि हात पुढं केला. "दे एक."

"आई!" बिभीषण ओरडले.

"वरडू नगंस. घरात तुजी सून सलाईनवर, नात तापानं फणफणली. मेंदी काढली तवा या माणसाची पोरगी माज्याच हौदाला टेकून बसली हुती. तुळस घालून झाली, देवाचं नाव घेऊन झालं. आता काय माज्या मरनाची वाट बघतोस का?" तिने भाकरीचा तुकडा तोडून चावला. दात नाहीत, वेळ लागला. सगळे थांबले होते. "जोंधळ्याचीच हाय," ती म्हणाली. "वाढ रं आमटी. दोघांला बी."

वाढप्याने बिभीषणांकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. वाढली.

मग पंगतीतून एक हात पुढं आला, मग दुसरा. मी टोपली वर धरली. "थांबा. फुकट न्हाई. जो माझी भाकर खाईल त्याचा हौद उद्या घासायचा, न्हाईतर मासं सोडायचं." एकाने उचललेली भाकरी परत ठेवली. बाकीच्यांनी ठेवली नाही. टोपली रिकामी घेऊन घरी आलो. रतनने तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत, विचारलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज मी आणि मास्तर आळीभर फिरलो. त्यांनी बादली धरली, मी हौद घासले. कृपा पुढं बॅटरी घेऊन. गच्चीवरचे टायर, फुटके माठ, कूलरची टाकी, सगळं उपडं केलं. ज्याने माझी भाकरी परत ठेवली होती, त्याच्या दारात सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. शेवटी कंटाळून त्याने स्वतःच हौद घासायला घेतला.

बिभीषण दारात आले नाहीत. रंगुबाईनेच फाटक उघडलं. हौदातली कुजकी तुळस काढली तेव्हा खालचं पाणी अळ्यांनी नुसतं खदखदत होतं. सगळं ओतलं, घासलं. नळाचा दिवस होता, नवं पाणी आल्यावर मासे सोडले. निघताना खिडकीतून आवाज आला, "कंडक्टर, मी काय बगितलं न्हाई."

"नका बघू," मी म्हटलं. "पन झाकन नीट लावा."

१९ ऑगस्ट, मंगळवार

जावई स्वतः आले आणि बॅटरी घेऊन घरोघरच्या हौदात डोकावून आले. मी मागे मागे होतो, परीक्षेला बसल्यासारखा. बिभीषणांच्या हौदापाशी ते जास्त वेळ वाकले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "मच्छरदानी दिवसा बी लावायची, अण्णा."

"दिवसा बी. मी स्वतः राखण बसतो."

"मग उद्या आनतो."

मी लगेच संस्कृतीला फोन लावला आणि सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा, सकाळपासून बाळ नुसतं लाथा मारतंय. बसू देत नाही, झोपू देत नाही, कुणाचं ऐकत नाही."

म्हटलं, "मारू दे. इकडं घेऊन ये त्याला. आमच्या आळीला लाथांची लई गरज हाय."